राईचा माटव

"मार उडी! मार रे!" भालूशेठ वर बघून ओरडला आणि त्याच्याबरोबरचे चौघे फिदीफिदी हसले.

वर, तोडलेल्या फांदीच्या टोकाशी, एक लाजरो बसला होता. भर दिवसा, लख्ख उन्हात. ओंजळीत मावेल एवढं अंग, काटकीसारखे हातपाय, शेपटी नाही, आणि तोंडभर दोन वाटोळे डोळे. उजेडाने ते अर्धे मिटले होते. त्याने एक हात हळूच पुढे केला. तिथे सकाळपर्यंत समोरच्या किंदळीची फांदी होती, आता नव्हती. हात हवेत चाचपत राहिला, काही लागेना तेव्हा मागे आला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तसाच हात पुढे केला.

"शेठ, तो उडी मारणा नाय," मी म्हटलं. "तेका उडी येतच नाय. फांदयेक फांदी लागलेली आसात तरच तो पलीकडे जाता. ती तुमी तोडलास."

"उडी येना नाय? असलां कसलां ता माकड?" भालूशेठने पानाची पिंक टाकली. "जगाक जमता, तेका जमाक नको? नसात जमत तर मरांदे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा-सोळा वर्षं झाली या गोष्टीला, पण ते 'मरांदे' आठवलं की अजूनही जाते.

मी सुलक्षणा घाडी. गाव सातुंबे, सह्याद्रीच्या पायथ्याशी, गोव्याच्या हद्दीला टेकलेलं. पुस्तकात ज्याला लाजवंती म्हणतात त्या रात्रीच्या वानराला आमच्याकडे लाजरो म्हणतात. सावंतवाडीला प्राणिशास्त्र शिकून मी पुण्याच्या एका संस्थेसाठी आमच्याच रानातले लाजरे मोजत होते. अंधारात टॉर्च मारला की त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे लाल दिसतात. ते डोळे मोजायचे, हे माझं काम. गावाने माझं नाव 'डोळेमोजणी' ठेवलं होतं. लग्नाचं वय उलटून चाललेली पोर झाडांकडे बघत फिरते म्हटल्यावर गाव आणखी काय ठेवणार!

मोजण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं. रबर आणि अननसाच्या बागांनी आजूबाजूच्या रानाचे तुकडे केले होते. एका तुकड्यातल्या लाजऱ्याला दुसऱ्या तुकड्यातला लाजरो जन्मात दिसत नव्हता. मध्ये पाच पावलांची मोकळी जागा आली तरी त्याच्यासाठी तो समुद्रच. आमच्या माउली देवीच्या राईतले लाजरे मात्र तगून होते, आणि ते एका गोष्टीमुळे. राई आणि पलीकडचं मोठं रान यांच्यामधून गावचा अरुंद रस्ता जातो. त्या रस्त्यावर दोन्हीकडची जुनी झाडं वर एकमेकांत शिरलेली, आणि त्यांच्यातून मांडीएवढी जाड गारंबीची वेल या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. खालून चालताना ऊन लागत नाही, म्हणून लोक त्याला 'माटव' म्हणतात. माटव म्हणजे मांडव. या मांडवावरून राईतले लाजरे रानात जात, रानातले राईत येत.

आणि भालूशेठला नेमका तिथेच रस्ता रुंद करायचा होता.

भालूशेठ म्हणजे भालचंद्र राऊळ. गावचा सरपंच, देवीचा मानकरी आणि गावाबाहेरच्या चिरेखाणीचा मालक. त्याचे चिऱ्यांनी भरलेले डंपर माटवाखालून जात नव्हते. हे तो कधी बोलायचा नाही. तो बोलायचा अँब्युलन्सबद्दल. वरच्या परवानगीचे कागद त्याने आधीच करून आणले होते. राहिली होती ती फक्त देवी. राईतल्या झाडाला कुऱ्हाड लावायची तर आधी देवीला गाऱ्हाणं घालावं लागतं, नारळ फोडावा लागतो. ते अजून व्हायचं होतं.

"गाऱ्हाण्याआधी तोडलास कशी?" मी विचारलं.

"झाडाक खंय कुऱ्हाड लावली? फांदयेक लावली." त्याने चौघांकडे बघून डोळा घातला. "मापां घेवक फांदी आड येय होती. तू आपले डोळे मोज, चेडवा. रस्तो मोजूचां काम आमचां." चेडू म्हणजे पोरगी, त्याच्या लेखी मी तेवढीच.

तेवढ्यात मागून दाजीकाका आले. माझे चुलते. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. गावचे घाडी, म्हणजे गावाच्या वतीने देवीशी बोलणारे, गाऱ्हाणं घालणारे. त्यांनी वर पाहिलं. लाजरो पुन्हा हात पुढे करत होता. काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या किंदळीकडे, आणि वळून गेले. मला वाटलं, संपलं. पण ते परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर चिवारीचा लांबलचक बांबू होता, पानांसकट.

"धर गो खालसून," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी तो उभा केला, त्याचं एक टोक लाजऱ्याच्या फांदीला टेकवलं, दुसरं पलीकडच्या किंदळीवर कलतं केलं आणि मधोमध हात उंच करून तो धरून ठेवला. लाजऱ्याने घाई केली नाही. त्याने एक बोट लावलं. मग पंजा. मग हात मागे घेऊन तो तसाच बसला. माझे खांदे भरून आले. काकांचे दंड थरथरत होते, वय काही कमी नव्हतं, पण त्यांनी हात खाली घेतला नाही. भालूशेठ घड्याळ बघत होता. शेवटी लाजऱ्याने बांबूला मिठी मारली आणि एकेक हात, एकेक पाय टाकत तो निघाला. काकांच्या बरोबर डोक्यावर आला तेव्हा थांबला. मग तो पुढे सरकला आणि किंदळीच्या पानांत दिसेनासा झाला.

"झालां नाटक?" भालूशेठ म्हणाला. "दाजीनू, परवा सकाळी गाऱ्हाणां. नारळ मी हाडतंय. तुमी येळेर येवा, बांबू नको."

चौघे पुन्हा हसले. हसण्यासारखं होतं तरी काय त्यात?

घरी आलो तर वैजूकाकीने पानं मांडली होती. भात, कुळथाची पिठी, तव्यावर भाजलेला सुका बांगडा. काकी भालूशेठला घाबरायची. तिचा भाऊ त्याच्या खाणीवर कामाला. खरं तर अर्धी वाडीच त्याच्या खाणीवर, म्हणून अर्ध्या वाडीचं तोंड शिवलेलं.

"काकानू, परवा गाऱ्हाणां घालू नकात," मी पहिल्या घासालाच म्हटलं.

"ता माझ्या हातात नाय, सुलू. घाडी म्हणजे देवळातली घंटा. वाजवणारो वाजवता, ती वाजता."

"तुमी माणूस आसात, घंटा न्हय."

काका हसले. "गावान सांगलेलां देवीक सांगूचां. माझां मत कोण इचारता?"

"तुमका ठावक आसा रस्तो खालसून जावक शकता. राईच्या अलीकडे वळवलो तर भालूशेठच्या काजीतसून सरळ गावात येता. चढ पण कमी. मगे राय कित्या तोडूची? तेची काजूची बाग वाचवूक?"

"हळू बोल," काकी म्हणाली आणि दाराकडे बघितलं.

"हळू कित्या बोलू? सगळ्यांका ठावक आसा."

"सगळ्यांका ठावक आसलेलांच हळू बोलूचां असता," काकी म्हणाली आणि काकांच्या पानात भात वाढला.

काकांनी भात कालवला, पण घास घेतला नाही. "हो माटव गेलो तर काय होतलां त्येंचां?" त्यांनी विचारलं. "राय तर रवतली मा थोडी?"

"राय रवतली, पण सोयरीक खंय करतले? राईतले सगळे एकाच घरातले. सोयरीक करूक पलीकडच्या रानात जावक व्हया. वाट मोडली काय झालां."

"म्हणजे भावकीतच लग्नां लावूची पाळी."

"व्हय. मगे पोरां रोगट, मगे ती पण नाय. तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत राय रिकामी होतली. झाडां आसतली, आत कोण नाय."

माणसाला एखादी गोष्ट त्याच्याच घरातल्या शब्दांत सांगितली की ती आत उतरते. मी जेवत राहिले. मला लहानपणचं काहीतरी आठवत होतं. देवळात सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणायचे तेव्हा मी काकांना विचारलं होतं, देवी तर बाई आहे, मग म्हाराजा का म्हणायचं? काका म्हणाले होते, "अगो, मान देताना बाई-बापयो बघूचो नसता." मला ते फार आवडलं होतं.

"काकानू," मी म्हटलं, "गाऱ्हाण्यात सगळी 'व्हय म्हाराजा' म्हणतत. कोणी 'नाय म्हाराजा' म्हटलां तर?"

"कोण म्हणणा नाय."

"पण म्हटलां तर?"

काकांनी हातातला घास पुन्हा पानात ठेवला. "मी गाऱ्हाण्यात मधी मधी थांबतंय ता कित्या? दम लागता म्हणान? ती जागा असता. ऐकणाऱ्यान उत्तर देवचां म्हणान ठेवलेली. आमच्या आज्यान माका शिकवलेलां. जागा व्हयाची आसा तशी नायाची पण आसा. आजपर्यंत कोणी ती वापरूक नाय, ही गोष्ट वेगळी."

"गप जेवा बघू," काकी चुलीजवळून म्हणाली. "नको ता शिकवू नकात तिका."

परवाची सकाळ उजाडली. देवळासमोर सगळा गाव जमला होता. पुढे मानकरी, त्यांच्यामागे पुरुष, आणि अगदी मागे, दीपमाळेच्या पलीकडे, आम्ही बायका. भालूशेठ नवीन धोतर नेसून पहिल्या रांगेत. रस्त्याच्या कडेला पिवळं मशीन आणून उभं केलेलं. चौघे कुऱ्हाडी घेऊन राईच्या तोंडाशी उकिडवे बसलेले. कुऱ्हाडींच्या पात्यांना हळदकुंकू लावलं होतं. तोडायला निघालेल्या हत्यारालाही पूजा! आमच्यासारखे धार्मिक आम्हीच.

काका पुढे आले. भालूशेठने त्यांच्या हातात नारळ दिला आणि कानाशी लागून काहीतरी पुटपुटला. काकांनी मान डोलावली. त्यांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा माउली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव एका आवाजात.

"आज तुझी लेकरां, बारा-पाचाची मंडळी, तुझ्या पायाकडे एकवट झाली आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती कशाक म्हणशीत, तर गावाक मोठो रस्तो व्हयो आसा. आजारी माणसाक, अडल्या बाळंतिणीक येळेर दवाखान्यात पोचवूक व्हया म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे मीही म्हटलं. ते खरंच होतं. गेल्या पावसात वाडीतल्या शेवंताच्या सुनेला खुर्चीत बसवून खांद्यावरून न्यावी लागली होती, आणि त्या खुर्चीला एका बाजूने मीही हात लावला होता. रस्ता मला नको होता असं कुणी म्हणेल तर त्याची जीभ झडो.

"त्या रस्त्याक तुझ्या राईची झाडां आडवी येतत. ती तोडूची पाळी लेकरांवर इली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझ्या बाजूला काकी. तिनेही म्हटलं. तिच्या शेजारी शेवंता. तिनेही म्हटलं. कुणी विचार करून म्हणत नव्हतं. जन्मापासूनची सवय. समोरचा थांबला की 'व्हय' म्हणायचं. उद्या कुणी 'ह्या गावाक आग लावूया म्हाराजा' असं त्याच सुरात म्हटलं असतं तरी 'व्हय' आलं असतं.

"आणि ह्या कामाक म्हाराजा, लहान-थोर, बाई-बापयो, सगळो गाव एकमतान..."

काका थांबले. वाक्य पुरं न करता, 'म्हाराजा' न म्हणता थांबले. लोकांची तोंडं अर्धी उघडली आणि तशीच राहिली. 'व्हय' म्हणायची खूण आलीच नव्हती. मी काकांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, नारळावरची बोटं घट्ट.

एकमताने? कुणाच्या मताने? मला कुणी विचारलं होतं? शेवंताला? त्या कुऱ्हाड घेऊन बसलेल्या चौघांना तरी?

"नाय म्हाराजा!" मी म्हटलं.

माझा आवाज मुळातच मोठा. देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली. पुढच्या सगळ्या माना मागे वळल्या. काकीने माझं मनगट एवढ्या जोरात धरलं की बांगडी रुतली. "गप रव गो," ती कुजबुजली. "पाया पडतंय तुझ्या, गप रव."

"नाय म्हाराजा!" मी पुन्हा म्हटलं. "रस्तो व्हयो, पण राय तोडून नको! खालसून, काजीतसून वाट आसा! एकमत नाय! देवीक खोटां सांगू नकात!"

काजी हा शब्द उच्चारला गेला आणि माना खाली गेल्या. कुणी खोकलं, कुणी पायाने माती उकरायला लागलं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणीतरी मोठ्याने बोललं होतं.

भालूशेठचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "दाजीनू, पुढे चला! बाईमाणसाचो नाय कोण धरता?"

काकांनी डोळे उघडले. सावकाश त्याच्याकडे वळले.

"आणि व्हय, शेठ? बाईमाणसाचो व्हय धरतास मा? इतकी वर्सां ह्या देवळात अर्धो आवाज बायलांचो. तो कोणी वगळल्यान नाय. व्हय चलता तर नाय पण चलाक व्हयो."

"शास्तर शिकवू नकात माका!"

"शास्तर न्हय, रीत." काकांनी वाकून नारळ देवीच्या पायरीवर ठेवला. न फोडता. "नाय इलो. गाऱ्हाणां पुरां झालां नाय. नारळ फुटाचो नाय."

"तुमका ह्या महागात पडतलां!"

"पडांदे," काका म्हणाले आणि पंचा खांद्यावर टाकून चालू लागले.

राईच्या तोंडाशी बसलेल्या चौघांनी एकमेकांकडे बघितलं, कुऱ्हाडी काखेत मारल्या आणि ते उठले. भालूशेठ त्यांच्यावर ओरडला, तर त्यांतला एक, परवा सगळ्यांत मोठ्याने हसलेला, म्हणाला, "न फोडलेल्या नारळार हात कोण घालतलो शेठ? आमका पोरांबाळां आसत." मशीनवाला बाहेरचा होता, त्याला आमच्या देवीशी काही देणंघेणं नव्हतं. पण नारळ फुटला नाही हे कळल्यावर त्यानेही किल्ली खिशात टाकली. नारळाशिवाय तो घरची गाडीसुद्धा चालू करत नव्हता.

त्या दिवशी काम थांबलं ते थांबलंच. पुढे पाऊस लागला. पावसानंतर मोजणीवाले साहेब आले, त्यांना मी खालची वाट चालून दाखवली. सोबत या वेळी शेवंता होती, आणखी बायका होत्या. रस्ता झाला. काजीतून झाला. माटवाखालची जुनी वाट तशीच राहिली, गुरांना आणि आम्हाला चालण्यापुरती.

मी जिंकले असं कुणाला वाटत असेल तर पुढचंही ऐका.

महिन्याभरात मानकऱ्यांची बैठक बसली आणि काकांचा मान काढून घेण्यात आला. गाऱ्हाणं अर्ध्यात सोडणारा घाडी अपशकुनी, असं ठरलं. काकांच्या आजाच्या आजापासून चालत आलेला मान त्यांच्या चुलतभावाला, पांडूला दिला. पांडूकाका गरीब माणूस, त्याला सांगतील ते म्हणणारा. दाजीकाका तरीही जत्रेला जात. पुरुषांच्या शेवटच्या रांगेत उभे राहत आणि पांडूकाका थांबला की हलक्या आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणत. ते बघून माझा जीव तुटायचा. ज्याने देवीशी खोटं बोलायचं नाकारलं त्याला मागे ढकललं, आणि ज्याने बोलायला लावलं तो पहिल्या रांगेत नव्या धोतरात!

काकी माझ्याशी बोलायची बंद झाली. वाढायची, पण बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "तुझ्या त्या माकडापायी ह्येंचो मान गेलो." नंतर तेही नाही. काका वारले त्या दिवशीसुद्धा ती माझ्या गळ्यात पडली नाही. दोन वर्षं झाली त्याला.

आणि आता, यंदाच्या दिवाळीनंतर, राईच्या तोंडाशी बोर्ड लागला.

भलामोठा बोर्ड. वर लिहिलेलं, 'लाजवंती संवर्धन क्षेत्र'. त्याखाली, 'स्वतःची काजूबाग देऊन वन्यजीव वाचवणारे निसर्गप्रेमी श्री. भालचंद्र राऊळ'. त्याचा हात जोडलेला फोटो बोर्डाच्या अर्ध्या भागात. उरलेल्या कोपऱ्यात एका प्राण्याचा फोटो. त्याला लांब, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची शेपटी होती. आमच्या लाजऱ्याला शेपटीच नसते! कुठल्या परदेशातलं माकड उचलून चिकटवलं होतं देव जाणे. बागेचे पैसे सरकारकडून मोजून घेतले, ते कुठल्या बोर्डावर लिहितात? चोर तो चोर आणि वर शिरजोर.

उद्घाटनाला मला बोलावणं होतं. पाहुण्यांना ओवाळायला. मी गेले, पण निरांजन हातात घेतलं नाही. मागे, बायकांत जाऊन उभी राहिले. काकी आधीच तिथे होती. काठी टेकत आली होती. अलीकडे तिला कमी ऐकू येतं, म्हणून डोकं जरा पुढे काढून उभी. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

भालूशेठ म्हातारा झालाय, पण धोतर नवीनच. पांडूकाकाने नारळ हातात घेतला.

"बा माउली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या राईची, तुझ्या लाजऱ्यांची राखण व्हती आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वर माटव सळसळत होता. गारंबी आता आणखी जाड झालीय. आदल्याच आठवड्यात मी तिच्यावर चार डोळे मोजले होते, दोन मोठे आणि पाठीला चिकटलेले दोन बारीक.

"भालचंद्रशेठांनी आपली काजी दिल्यानी, नि राय राखल्यानी, नि लाजऱ्याक जगवल्यानी म्हाराजा!"

पांडूकाका थांबला. मी तोंड उघडलं.

"नाय म्हाराजा!"

माझा आवाज नव्हता तो. चिरका, म्हातारा, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा गरजेपेक्षा मोठा. सगळ्या माना मागे वळल्या. काकी काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ उभी होती.

"नाय म्हाराजा!" ती पुन्हा म्हणाली. "दाजीन राखली! ह्या चेडवान राखली!"

पांडूकाका नारळाकडे बघत राहिला. पुढे कुणीतरी "म्हातारी भ्रमली" असं म्हणालं. भालूशेठ जागचा उठू लागला. मी काकीचं मनगट धरलं, तिने एके काळी माझं धरलं होतं तसं, पण गप्प करायला नव्हे.

"काकी," मी म्हटलं.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांनी.

"ह्येंनी नायाची जागा ठेवलेली मा?" ती म्हणाली. "मगे?"